कातर न लावलेली विजार

दत्तोपंतांना बोलून बसायची खोड होती. विमा कचेरीतली त्यांची सगळी नोकरी बोलण्यावरच चालली होती म्हणा. पण विमेदारासमोर बोलणं वेगळं आणि साहेबासमोर बोलणं वेगळं, हा फरक पंचेचाळिशी आली तरी त्यांना उमगला नव्हता. अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर कचेरीत एलटीसीचे, म्हणजे प्रवास-सवलतीचे, अर्ज भरणं चाललं होतं आणि ज्याने त्याने नेहमीप्रमाणे म्हैसूर-उटी लिहिलं होतं. दिल्लीहून बदलून आलेले साहेब अर्ज चाळता चाळता म्हणाले, की तुम्ही कोल्हापूरची माणसं थंडीला फार भिता. चुकून काश्मीरला गेलातच तर माकडटोपी घालून खिडकीत बसाल, चहा पीत बर्फ बघाल आणि परत याल. झालं. दत्तोपंतांनी आपल्या अर्जावरचं म्हैसूर खोडून गुलमर्ग लिहिलं, आणि वर सगळ्यांच्या देखत सांगून मोकळे झाले की आमचं कुटुंब नुसता बर्फ बघणार नाही, पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरणार आहे.

संध्याकाळी घरी येईपर्यंत त्यांचं अवसान गळालं होतं. चप्पल काढता काढता त्यांनी ही बातमी हळूच सांगितली आणि बायको काय म्हणते याची वाट बघत उभे राहिले. श्यामला मुलींच्या शाळेत शिवणकाम शिकवायची. बोलण्यापेक्षा टाके घालणं तिला बरं वाटे. तांदूळ निवडत होती ते ताट तिने बाजूला ठेवलं आणि विचारलं, “बर्फ पडताना बघायला मिळेल का? म्हणजे पडलेला नव्हे, पडताना?”

याला कारण होतं. श्यामलाचे वडील भूगोलाचे मास्तर होते. फळ्यावर हिमालय काढला की शेंड्यांवर खडू आडवा घासून ते बर्फ पाडत आणि वर्गाला सांगत, की बर्फ पडताना आवाज होत नाही. कोल्हापूरच्या पोरींना हे पटायचं नाही. इथला पाऊस पत्र्यावर पडला की शेजारचं माणूस काय बोलतं ते ऐकू येत नाही. आभाळातून एवढं सगळं खाली यायचं आणि आवाज नाही म्हणजे काय? मास्तर हसून म्हणत, मी तरी कुठे पाहिलंय, पुस्तकात लिहिलंय तसं सांगतो. तुमच्यापैकी कुणीतरी जाऊन ऐकून या आणि मला सांगा. त्या वर्गात पहिल्या बाकावर त्यांची स्वतःची मुलगी बसलेली असे. मास्तर गेले त्याला आता आठ वर्षं झाली होती, आणि कुणी जाऊन ऐकून आलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी गुलमर्गहून छापील पत्रक आलं. फळ्या आणि बूट तिथे भाड्याने मिळतील, कपडे ज्याचे त्याने आणायचे. वारा आणि बर्फ आत शिरणार नाही अशी जाड विजार, तशीच बंडी, हातमोजे, कानटोपी, काळा चष्मा. आणि खाली ठळक अक्षरांत, हे कपडे नसतील त्याला उतारावर सोडलं जाणार नाही. दत्तोपंतांनी मुंबईच्या एका दुकानाला पत्र टाकून भाव मागवला. उत्तर आलं ते वाचून त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. एका माणसाच्या कपड्यांना त्यांचा एक पगार पडत होता. चौघांचे कपडे घेतले असते तर चार महिने घरात चूल पेटवायची गरजच उरली नसती.

“मग म्हैसूरला जाऊ,” दत्तोपंत म्हणाले, पण साहेबांचा चेहरा डोळ्यांपुढे आल्यामुळे ते अगदी पडेल आवाजात म्हणाले. मुलांनी तोंडं पाडली. दादा बारा वर्षांचा आणि ताई नऊ वर्षांची. दोघांनी शाळेत आधीच सांगून टाकलं होतं. हा गुण बापाकडून आला होता.

तेव्हा माई बोलल्या. माई म्हणजे दत्तोपंतांची आई. माहेर चंदगडकडचं, सत्तरी गाठलेली, गुडघ्यांनी जेरीस आलेली. पण सोवळ्यात कुणाची हयगय चालू देत नसत. स्वयंपाकघरात त्यांची सोवळ्यात नेसायची लोकरीची धाबळी वलणीवर वेगळी असायची आणि पोरांनी तिच्याखालून जाताना श्वाससुद्धा जपून घ्यायचा, असा नियम होता. त्या म्हणाल्या की आमच्याकडे चार महिने धो धो कोसळतं आणि माणसं घोंगड्याची खोळ डोक्यावरून घेऊन गुडघाभर चिखलात भात लावतात. पाठीवरून पाणी वाहून जातं, आत थेंब शिरत नाही. गारठून मेलेला एकही मी पाहिला नाही. घोंगड्याचे कपडे शिवा की.

श्यामलाला हे एकदम पटलं. दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर ती सणगर गल्लीत गेली. तिथे झुंबरबाई आणि तिचा नवरा पिराजी घोंगडी विणायचे. पिराजी खड्ड्याच्या मागावर बसलेला असे आणि कमरेच्या वरचाच जगाला दिसे. बोलायचं काम झुंबरबाईकडे होतं. श्यामलाने काळं घोंगडं निवडलं, हातात घेऊन ताणून पाहिलं, आणि सवयीने सांगून बसली की याचे कापून कपडे करायचेत.

झुंबरबाईने घोंगडं तिच्या हातातून काढून घेतलं.

“कापायचं असंल तर मिलचं कापड घ्या, बाई,” ती म्हणाली. “घोंगडं देवाचं आसन हाय. मेंढराला एकदा कातर लागली ती बास. त्येच्यावर पुन्यांदा कातर लावायची न्हाय आमच्यात.”

श्यामलाने समजावून पाहिलं, गुलमर्ग सांगितलं, पोरांची तोंडं सांगितली. झुंबरबाईने चहा दिला, पोरांची चौकशी केली, घोंगडं मात्र दिलं नाही. दुसऱ्या दुकानातून गुपचूप आणावं, कापावं, कुणाला कळणार आहे, असा विचार श्यामलाच्या मनात येऊन गेला आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. ज्या बाईने चहा पाजला तिच्या मागे हे करणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

पण हार मानायचाही तिचा स्वभाव नव्हता. वीस वर्षं ती पोरींना शिकवत आली होती की शिवणकाम म्हणजे आधी कापणं. कापणं बिघडलं की शिवण कितीही सुबक असो, उपयोग नाही. आता कापायचंच नाही म्हटल्यावर तिला आपलं शिक्षणच उलटं करायची वेळ आली. चार दिवस ती वर्तमानपत्राच्या सरळ पट्ट्या घेऊन बसली होती. घड्या घालायची, सुई टोचायची, दत्तोपंतांच्या पायाला गुंडाळायची, आणि दत्तोपंत हलले की ओरडायची. पाचव्या दिवशी जमलं. दोन पायांना दोन सरळ पट्ट्या नळीसारख्या शिवायच्या आणि दोन पायांच्या मधे एक चौकोन कोनावर फिरवून बसवायचा, म्हणजे उठता-बसता ओढ येत नाही. बंडीला मागे एक रुंद पट्टी, पुढे दोन अरुंद, बाह्यांना दोन नळ्या, काखेत पुन्हा तोच चौकोन. गळा कापायचा नाही, दोन पट्ट्यांच्या मधे फट सोडायची. सगळं चौकोनांचं काम, कातर कुठेच नाही.

कागदाची विजार घेऊन ती झुंबरबाईकडे गेली. झुंबरबाईने ती उलटी केली, सुलटी केली, चौकोनात बोट घालून पाहिलं आणि मागाच्या खड्ड्याकडे तोंड करून म्हणाली, “बघा की, बाईनं कातर ठेवली घरात.” पिराजीने मान वर करून पाहिलं आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसला. मग झुंबरबाईने मापं विचारली. पट्ट्या मापाच्याच विणून देते म्हणाली, काठासकट, म्हणजे कापायला कुणाला निमित्तच नको. फक्त दिवाळीच्या कातरणीची लोकर तीन जणांपुरतीच शिल्लक होती.

श्यामलाने क्षणभरही विचार केला नाही. दत्तोपंत, दादा, ताई, अशी तीन मापं तिने भराभर सांगितली. घरी आल्यावर दत्तोपंतांनी विचारलं, आणि तुझं? ती म्हणाली, “मी खाली उभी राहीन. कुणीतरी पिशव्या आणि चपला सांभाळायला हव्यातच की.” हे ती इतक्या सहज बोलली की दत्तोपंतांनाही ते खरं वाटलं. माई वाती वळत होत्या. त्यांनी सुनेकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा वाती वळायला घेतल्या.

खरं सांगायचं तर श्यामलाला वाईट वाटलं होतं. त्या पत्रकात लिहिलं होतं की हॉटेलांजवळ घोडेवाल्यांची आणि चहावाल्यांची गर्दी असते, वरचा उतार मात्र शांत असतो. आवाज होतो की नाही हे ऐकायचं तर वरच जायला हवं होतं. पण आईने आपलं माप आधी सांगायचं, ही गोष्ट तिला कुणी कधी शिकवली नव्हती.

जानेवारीत पट्ट्या आल्या. झुंबरबाईने त्यांना चिंचोक्याची खळ चांगली सढळ हाताने लावली होती, पाणी शिरू नये म्हणून. श्यामलाने जाड सुईने तीन जोड शिवले. विजारीच्या तळाला घोंगड्याच्या दशा लोंबत होत्या, त्या तिने गाठी मारून गोंड्यासारख्या केल्या. खळीमुळे कापड इतकं ताठ होतं की विजार घालण्यापेक्षा तिच्यात उतरावं लागे. हातमोज्यांचा आणि चष्म्याचा प्रश्न दत्तोपंतांनी सोडवला. बाळासो म्हणून त्यांचा एक विमेदार शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत मुकादम होता. त्याने भट्टीवर वापरायचे चामड्याचे हातमोजे दिले, कोपरापर्यंत येणारे, आणि वेल्डिंगचे काळे चष्मे दिले. ते चष्मे लावले की भर दुपारी अमावास्या झाल्यासारखं वाटे. पोरं चष्मे लावून घरभर धडकत फिरली.

बाळासोनेच पुढची अक्कल दिली. फाउंड्रीच्या मागे जळक्या वाळूचा ढीग होता, दोन पुरुष उंच. “बर्फ काय आन वाळू काय, घसरायचंच हाय की,” तो म्हणाला. निघायला आठवडा उरला होता तेव्हा एका रविवारी दत्तोपंत नवा जोड घालून, पायाला खोक्याच्या दोन फळ्या सुतळीने बांधून त्या ढिगावर चढले. साप्ताहिक सुटी असून अर्धी फाउंड्री बघायला आली होती. दत्तोपंत घसरले, फळ्या मात्र वरच राहिल्या. खाली आले तेव्हा त्यांच्या नाकातोंडात, बंडीत आणि विजारीच्या दोन्ही नळ्यांत काळी वाळू भरली होती. ते स्वतः मात्र खुशीत होते. साहेबांना सांगायला आता त्यांच्याकडे अनुभव होता.

घरी आल्यावर ते कपडे अंगणात टाकले गेले आणि इथे घोटाळा झाला. सोमवारी श्यामला शाळेतून घरी आली तेव्हा मागच्या दारी बंब अजून धगधगत होता. दगडी हौद फेसाने भरलेला होता आणि दहा वर्षांत कपड्याला हात न लावलेल्या माई हातात धोपाटणं घेऊन पाटावर बसल्या होत्या. घामाने निथळत होत्या. त्या म्हणाल्या की वाळूने कपडे अगदी काळे झाले होते, काश्मीरला जायचं म्हणजे चार माणसांत जायचं, म्हणून धुऊन काढले. कढत पाण्यात साबण घालून सकाळपासून चांगले बडवले. मुलांचे जोड स्वच्छच होते म्हणून त्यांना हात लावला नाही.

श्यामलाने वलणीवरची विजार चाचपून पाहिली. ती विजार दत्तोपंतांची राहिली नव्हती. आटून, दाटून, जाड होऊन तिचा निम्मा ऐवज झाला होता. विणीचे धागेसुद्धा दिसेनात. बंडीचीही तीच गत. रात्रभर वाळल्यावर सकाळी दत्तोपंतांनी घालून पाहिली. विजार गुडघ्यापर्यंत गेली आणि थांबली. बंडीत एक हात गेला, दुसरा गेला नाही, आणि मग पहिलाही बाहेर येईना. दादाने एका बाजूने आणि श्यामलाने दुसऱ्या बाजूने ओढून त्यांना सोडवलं. ताई हसता हसता खाली बसली.

श्यामलाला मात्र रडू फुटायचं बाकी होतं. म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं? फक्त त्या दिवशी भांडी नेहमीपेक्षा मोठ्याने आपटली. त्यात माईंचा उजवा खांदा धरला. हात वर होईना. शाळेतून आल्यावर श्यामला तेल गरम करून घेऊन बसली आणि खांदा चोळत राहिली. तिला राग आला होता, आणि रागावलेल्या हाताने तेल चोळलं तर ते जास्त मुरतं असं माई म्हणाल्या, त्यामुळे तर जास्तच आला.

संध्याकाळी ती आटलेली विजार पिशवीत घालून सणगर गल्लीत गेली. नवीन पट्ट्या मिळतील का म्हणून. झुंबरबाईने विजार हातात घेतली, अंगठ्याने दाबली, उजेडाला धरली.

“कुणी धुतलं ह्ये?”

सासूबाईंनी, श्यामलाने सांगितलं.

“माहेर कुटलं त्यांचं?”

चंदगडकडचं. हे ऐकून झुंबरबाईने पदराचा बोळा तोंडाला लावला. ती हसतेय की खोकतेय हे श्यामलाला कळलं नाही. मग ती म्हणाली की लोकर संपली, आता आषाढापर्यंत न्हाय. पण ही विजार आता जन्मभर फाटायची न्हाय, जिला बसंल तिला घाला. श्यामलाच्या डोक्यात तेव्हा दुसरेच विचार चालले होते, म्हणून हे बोलणं तिने नुसतं ऐकलं आणि ती घरी आली.

घरी दत्तोपंत पाट मांडून उदास बसले होते. ती म्हणाली की राहू दे, आपण दोघं खाली उभं राहू, पोरं घसरतील. दत्तोपंत म्हणाले, मग एवढी लोकर वाया घालवायची? पोरांना ती मोठी होती आणि त्यांना लहान. दोघं नवरा-बायको त्या विजारीकडे बघत बसले, आणि खरं सांगायचं तर उत्तर दोघांनाही दिसत होतं. पण बोलून दाखवलं ते देवघरातून माईंनी.

“श्यामला, तू घालून बघ जरा.”

श्यामला नाही नाही म्हणाली. माईंनी दुसऱ्यांदा सांगितलं नाही, नुसत्या बघत राहिल्या. मग ती माजघरात गेली आणि दार लावून घेतलं. वीस वर्षं तिने पोरींना विजारी शिवायला शिकवल्या होत्या, स्वतः कधी घातली नव्हती. विजार-बंडी घालून बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. सासूसमोर दोन पाय असे वेगवेगळे घेऊन उभं राहायचं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच माहीत.

“मागे वळ,” माई म्हणाल्या. ती वळली. “चालून दाखव.” ती चालली. “बसतेय की.”

“मग मी तिथे काय करू?” दत्तोपंतांनी विचारलं.

“पिशव्या सांभाळ,” माई म्हणाल्या आणि जपाची माळ हातात घेतली.

रेल्वे, मग जम्मूहून बस, मग बर्फ कापून काढलेला रस्ता. माई गुडघ्यांमुळे घरीच राहिल्या होत्या. गुलमर्गला पोचल्यावर पहिल्या दिवशी पोरांची त्रेधा उडाली. बर्फात लोळल्यावर खळ भिजली, विजारी चिकट झाल्या आणि त्यांना बर्फाचे गोळे चिकटले. संध्याकाळी व्हरांड्यात वाळत टाकल्या तर सकाळी गोठून भिंतीला टेकून उभ्या होत्या, कुणीतरी दोन पोरांना शिक्षा केल्यासारख्या. हॉटेलातली सगळी माणसं बघून गेली. दादा-ताईंनी त्या चुलीजवळ नेऊन मऊ केल्या आणि पुन्हा त्याच घालून पळाले. ऊब मात्र होती, थंडीची तक्रार दोघांनी एकदाही केली नाही.

श्यामलाच्या विजारीची खळ धुण्यातच निघून गेली होती, तिला बर्फ चिकटतच नव्हता. ती पडायची, उठायची, हाताने झटकायची, आणि बर्फ खडूच्या भुकटीसारखा उडून जायचा. वारा आत शिरत नव्हता, पाणी शिरत नव्हतं. शिकवणारा एक वयस्क काश्मिरी होता. तिसऱ्या दिवशी तिला उठवता उठवता त्याने तिच्या बाहीचं कापड चिमटीत धरलं आणि थबकला. मग त्याने हिंदीत विचारलं की हे काम कुणाचं. तिने सांगितलं की चुकून झालंय, सासूने गरम पाण्यात धुतलं आणि आटलं. तो हसायला लागला. त्याचा बाप नमदे करायचा, लोकर बडवून केलेली जाड जाजमं. तो म्हणाला, गरम पाण्यात घालून बुडवून काढलं तर लोकर नुसती आकसते, वेडीवाकडी होते. अशी एकसारखी, कोपऱ्यापर्यंत दाट व्हायला पहाटेपासून बडवावी लागते, फिरवून फिरवून. ज्याने केलं त्याला ठाऊक होतं तो काय करतोय. आणि तो पुढच्या माणसाला उठवायला निघून गेला.

श्यामला तिथेच बर्फात बसून राहिली. तिला वलणीवरची धाबळी आठवली. माईंची धाबळी वर्षातून एकदाच धुतली जायची, दिवाळीआधी, रिठ्याच्या गार पाण्यात, आणि वाळायची सावलीत. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने ती हौसेने बंबाच्या पाण्यात घालायला घेतली होती, तेव्हा माई स्वयंपाकघरातून धावत आल्या होत्या. लोकरीला कढत पाणी दाखवायचं नाही, हे तिला ज्या बाईने शिकवलं होतं तीच ही बाई.

तेवढ्यात आभाळ उतरलं आणि बर्फ पडायला लागला. खाली घोड्यांच्या घंटा वाजत होत्या, दत्तोपंत कुणाला तरी मोठ्याने काहीतरी समजावून सांगत होते. मग ते सगळं हळूहळू मिटत गेलं. श्यामलाने कानटोपी वर सरकवली. पुढे, मागे, बाहीवर, गुडघ्यावर बर्फ पडत होता आणि कसलाही आवाज नव्हता. पुस्तकात बरोबर लिहिलं होतं. तिचे डोळे भरून आले आणि वेल्डिंगचा चष्मा आतून धुरकट झाला.

परत आल्यावर आठवड्याने फोटो धुऊन आले. कचेरीतल्या एका सहकाऱ्याचा कॅमेरा दत्तोपंतांनी मागून नेला होता. एक फोटो झकास आला होता. पांढऱ्या उतारावर मधोमध एक माणूस, पायाला फळ्या, विजारीला गोंडे, टोपीत आणि चष्म्यात तोंड काही दिसत नव्हतं. तो कचेरीत टेबलाटेबलावरून फिरला. साहेबांनी तो हातात घेऊन दत्तोपंतांची पाठ थोपटली आणि कोल्हापूरबद्दलचे शब्द मागे घेतो म्हणाले. दत्तोपंत गप्प राहिले असते तर चाललं असतं. पण बोलून बसायची खोड.

“हा मी नव्हे, साहेब. आमची मंडळी आहे,” ते म्हणाले. “मी खाली खिडकीत होतो. माकडटोपी घालून चहा पीत.” आणि हे सांगताना त्यांची छाती इतकी फुगली होती की फाउंड्रीच्या ढिगावरून खाली आल्यावरही तेवढी फुगली नव्हती.

त्याच दिवशी संध्याकाळी श्यामलाने तो फोटो माईंना दाखवला. माईंनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, आणि मग गोंडे ओळखले.

“पडलीस का?”

“मोजलं नाही इतक्यांदा.”

माईंना ते आवडलेलं दिसलं. श्यामला त्यांच्या जवळ सरकून बसली आणि तिने विचारलं, “माई, धाबळी कधी कढत पाण्यात घातलीत?”

“लोकर कढत पाण्यात घालायला मला वेड लागलंय का?” माई बोलून गेल्या, आणि मग थांबल्या. माईंनी फोटो मांडीवर ठेवून पदराने पुसला, तो स्वच्छच होता तरी.

“पंढरपूर, नरसोबाची वाडी, गोकर्ण, सगळीकडे गेले मी,” त्या म्हणाल्या. “जिथे जाईन तिथे पायरीपाशी उभी. सगळ्यांचं दर्शन होईपर्यंत चपला सांभाळायच्या. देव मी असा लांबूनच पाहिला. या घरात चपला सांभाळून झाल्या तेवढ्या पुरे, असं वाटलं मला.”

श्यामलाने माईंचा हात हातात घेतला. पायरीपाशी उभं राहून इतकी वर्षं गेली आणि या बाईने कधी कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं, याचं तिला फार वाईट वाटलं. आणि त्याच वेळी इतकं बरंही वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं. मग तिने वडिलांचं सांगितलं. फळ्यावरचा खडू, वर्गातल्या पोरी, आवाज होत नाही म्हणणारं पुस्तक. माई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

“मग? होतो का आवाज?”

“नाही होत, माई. अगदी नाही.”

माईंनी मान हलवली. आपण जन्मभर ज्या पावसात वाढलो तो किती आवाज करतो हे त्या बहुधा आठवत होत्या. मग त्यांनी उजवा खांदा पुढे केला.

“तेल गरम कर जरा,” त्या म्हणाल्या. “अजून दुखतोय. आणि आज रागावलेली नाहीस, तेव्हा जरा जास्त वेळ चोळ.”